खंदकाकाठचे ड्रिल मास्तर

ड्रिल मास्तर रस्त्यानं चालताना खाली कधी बघत नसत. परंड्याचे रस्ते तेव्हा काही मान वर करून चालण्यासारखे नव्हते. दगड असत, गटारं असत, मधेच ऐसपैस बसलेली जनावरं असत. मास्तर ठेचकाळायचे, सावरायचे, पण नजर समोरची हलायची नाही. एकदा भर बाजारात ते एका म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस उठून उभी राहिली, मास्तर बाजूला झाले आणि तसेच समोर बघत पुढं गेले. मी त्यांना याचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की बॉल हातात असताना खाली बघायचं नसतं, आणि ती सवय मैदानावर लागत नाही, रस्त्यावर लावावी लागते.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. ईटहून परंड्याच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून आलो होतो. राज्य निजामाचं, वरच्या वर्गांत सगळं शिक्षण उर्दूत, त्यामुळं मराठीच्या मास्तराला शाळेत फारसं कुणी विचारत नसे. बायको ईटला आईजवळ होती. शाळेच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. दुसरीत ड्रिल मास्तर राहायचे. त्यांचं नाव लांबलचक होतं आणि ते गावात कुणाला धड म्हणता येत नसे. म्हणून हेडमास्तरापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ड्रिल मास्तरच म्हणत. ते सिकंदराबादचे. बोली तेलुगू. अख्ख्या परंड्यात त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलेल असं एकही माणूस नव्हतं. मराठी ते पोरांकडून शिकले होते, त्यामुळं निम्मी दखनी आणि निम्मी पोरांची, अशी त्यांची भाषा झाली होती. स्वतःशी मात्र ते तेलुगूत मोजत. ओकटी, रेंडू, मूडू. भिंतीपलीकडून पहाटे तो आवाज आला की मला कळायचं, मास्तरांच्या बैठका चालू झाल्या.

ते मद्रासकडं कुठंतरी दोन वर्षं कसरतीचं शिक्षण घेऊन आले होते आणि तिथं त्यांना बास्केटबॉलचं वेड लागलं होतं. गावानं तो खेळ कधी बघितलाच नव्हता. लोक त्याला टोपलीचा खेळ म्हणायचे. शाळेकडं सामान नव्हतं, मागितलं तर मिळायचं नाही. मास्तरांनी मोटेचं एक जुनं लोखंडी कडं मिळवलं, लोहाराकडून ते हवं तेवढं करून घेतलं आणि लाकडी फळीवर ठोकलं. बॉलचं कातडं मोट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिवून घेतलं आणि आतला फुगा सोलापूरहून आणवला. तो बॉल पुरता गोल कधीच नव्हता. टप्पा दिला की जरा डावीकडं जायचा. मास्तर म्हणत, बरं आहे, पोरं जागी राहतील.

सपाट जागा म्हणून शाळेच्या वाट्याला किल्ल्याच्या खंदकालगतचा एक पट्टा आला होता. फळीचा खांब खंदकाच्या काठापासून आठ-दहा पावलांवर. नेम चुकला की बॉल घरंगळत थेट खंदकात, बाभळीच्या काट्यांत. मग खाली उतरून काढायचा. म्हणून कड्याच्या मागं एक माणूस उभा लागायचा, चुकलेला बॉल अडवून परत देणारा. पोरं घरी गेल्यावर मास्तर स्वतः सराव करत, पंधरा फुटांवरून, रोज शंभर वेळा. दोन्ही हातांनी बॉल गुडघ्यांमधून खाली न्यायचे आणि पाटीतली माती फेकावी तसा वर सोडायचे. बघणाऱ्याला हसू यायचं. पण शंभरातले नव्वद तरी कड्यातून जायचे. उरलेल्या दहांसाठी त्यांना माणूस हवा असायचा. मला संध्याकाळी काही काम नसे. मी उभा राहू लागलो.

पहिल्या दिवशी मी बॉल झेलला तेव्हा ते म्हणाले, "आवाज आला, मास्तर."

मला कळलं नाही. त्यांनी बॉल पुन्हा माझ्याकडं फेकला. मी झेलला. ते म्हणाले की पंज्यानं धरला की थाप वाजते, बोटांनी घेतला तर वाजत नाही. आणि बॉल येतो तेव्हा हात त्याच्याकडं न्यायचे नाहीत, थोडे आपल्याकडं ओढायचे, पाहुण्याला घरात घेतल्यासारखे. मी दोन महिने तेवढंच करत होतो. बोटं सुजायची. वर्गात खडू धरताना ठणका लागायचा. मग एका संध्याकाळी बॉल हातात आला आणि काहीच वाजलं नाही. मास्तरांनी मान हलवली आणि पुढचा बॉल टाकला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. नोकरी लागल्यापासून माझ्यासाठी कुणी कशाबद्दल मान हलवली नव्हती.

बोटांचं त्यांना फार होतं. स्वतःच्या भाकरी ते स्वतः थापत, आणि तेही शिकवण्याचा भाग म्हणून. एकदा त्यांनी आपल्या संघातल्या सातही पोरांना खोलीसमोर बसवलं, परातीत ज्वारीचं पीठ मळलं आणि भाकरी थापून दाखवली. बघा, हात कुठं टेकतो, बोटं कशी पसरतात, भाकरी कशी आपोआप फिरते. बॉलचा टप्पा असाच द्यायचा. पुरुषमाणूस भाकरी थापतोय हे बघून पोरं आधीच हसू दाबत होती. त्यातलं एक म्हणालं, "मंग आमची माय काय बास्केटबॉल खेळती व्हय?"

मास्तरांनी त्यावर खरोखर विचार केला. म्हणाले, "खेळली असती तर लई चांगली खेळली असती."

त्यांना गंमत कळत नसे असं नव्हतं, पण या एका बाबतीत त्यांच्याकडं गंमत नव्हती. वर्गात फळ्यावर लिहितानाही ते डावा पाय एका जागी रोवून ठेवत आणि उजव्या पायावर फिरत, कारण खेळात तसंच फिरावं लागतं. फळ्याचा कोपरा हाताला येत नसेल तर ते तो सोडून देत. त्यांच्या फळ्यावरचं लिखाण म्हणून नेहमी गोलाकार असायचं.

बाजारातल्या हॉटेलात ते भिंतीकडं तोंड करून बसत. मला समोर बसवत आणि मान न वळवता सांगत, उजवीकडून पोस्टमन गेला, हातात छत्री आहे. डावीकडं दोन बाया आहेत, एक थांबली. मी वळून बघायचो तर तसंच असायचं. मलाही त्यांनी ते शिकवायला घेतलं. भिंतीवर एक डाग निवडायचा, त्यावर नजर ठेवायची आणि डोळे न हलवता दोन्ही बाजू बघायच्या. मला सावल्यांपलीकडं कधी काही दिसलं नाही. ते म्हणत, दिसेल, वर्ष लागतं. हॉटेलातले लोक मात्र चहाचा पेला हातात धरून आमच्याकडं बघत बसायचे. त्यांच्या बघण्याचा अर्थ मला नंतर कळला.

त्यांच्या हाताखालच्या सात पोरांनी दोन वर्षं सराव केला. न बघता टप्पे, बोटांवर झेल, पाय रोवून वळणं, सगळं घोटलेलं. मग मास्तरांनी सोलापूरच्या एका शाळेला पत्र लिहून सामना ठरवला. कुर्डुवाडीपर्यंत मोटारीनं आणि पुढं रेल्वेनं आम्ही गेलो. बहुतेक पोरं रेल्वेत पहिल्यांदाच बसली होती. मास्तरांनी इस्त्री केलेली पांढरी पॅन्ट घातली होती.

सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं काय झालंय ते. आमच्या पोरांना सगळं येत होतं, पण समोर कुणी हात आडवा घातला की ती थांबायची. बॉल छातीशी धरून उभी राहायची. दोन वर्षांत त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. तालुक्यात दुसरा संघ नव्हता, आणि या सातांना एकमेकांविरुद्ध खेळवावं असं मास्तरांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते सगळ्यांना एकाच बाजूला उभं करून शिकवत होते. आमच्या नावावर चार गुण लागले. ते चारही समोरच्यांनी धक्का मारला म्हणून मिळालेल्या मोकळ्या फेकींवर, गुडघ्यांमधून, पाटीतली माती फेकल्यासारखे. त्या वेळी बघणारी सगळी पोरं हसली होती, आणि चारही आत गेल्यावर गप्प झाली होती.

परतीच्या गाडीत पोरं रडकुंडीला आली होती. मास्तर त्यांच्यासमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "तुमची चूक न्हाय. म्या तुमाला एकट्यानं खेळायला शिकवलं. मला तेवढंच येतंय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरांचे दोन भाग केले. पण तोवर दिवस फिरले होते. रझाकारांच्या बातम्या येऊ लागल्या. मोठी पोरं एकेक करून सरहद्दीपलीकडं, बार्शीकडं जाऊ लागली. कुणी आईबापांबरोबर, कुणी न सांगता. ज्यांचे आईबाप राहिले त्यांनी पोरांना संध्याकाळी बाहेर सोडणं बंद केलं. साताची पाच झाली, पाचाची तीन. एका सोमवारी कुणीच आलं नाही. मास्तर शिट्टी गळ्यात घालून अंधार पडेपर्यंत उभे होते. मंगळवारीही तसेच. बुधवारी त्यांनी शिट्टी काढून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, पोरं येतील परत, तोवर आपण दोघं.

त्या दिवसांत गावात प्रत्येक जण प्रत्येकाकडं संशयानं बघत होता. लोक म्हणू लागले की ड्रिल मास्तर सरकारचे खबरे आहेत. भिंतीकडं तोंड करून बसतात आणि कोण आलं कोण गेलं सगळं सांगतात, आम्ही कानांनी ऐकलंय. सरकारातल्या लोकांना उलटाच संशय. खंदकाच्या काठावर चुन्याच्या रेषा कशाला, शिट्ट्या कशाला, बोटं वर करून हा माणूस कुणाला खुणा करतो? दोन्हीकडच्या लोकांना ते परके होते. हॉटेलवाल्यानं त्यांना चहा द्यायचं बंद केलं नाही, पण ते आले की आजूबाजूची बाकडी रिकामी व्हायची. मी त्यांच्याबरोबर जाणं टाळू लागलो. माझा चुलतभाऊ सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या एका कॅम्पात होता, आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये एवढंच मला हवं होतं.

एके दुपारी हेडमास्तरांनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. त्यांच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी मला अदबीनं विचारलं की ड्रिल मास्तरांचा आणि माझा काय संबंध.

मी म्हणालो, "शेजारची खोली आहे, एवढंच."

संध्याकाळी तुम्ही खंदकाकडं जाता असं ऐकलंय, ते म्हणाले. मी म्हणालो की फिरायला जातो. ड्रिल मास्तर तिथं काय करतात ते मला ठाऊक नाही, मी कधी लक्ष दिलं नाही.

त्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. मी बाहेर आलो तर ड्रिल मास्तर आपल्या पाळीची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसले होते. ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. मी त्यांच्या बाजूनं निघून गेलो.

त्यांना त्या दिवशी काही झालं नाही. तेलंगी माणूस आहे, डोक्यानं जरा अर्धवट आहे, असं म्हणून सोडून दिलं असं शिपाई म्हणाला. संध्याकाळी मी जाऊ की नको असा विचार करत बसलो आणि शेवटी गेलो. ते खेळत होते. मी कड्यामागं उभा राहिलो. एक बॉल चुकला, मी झेलला आणि परत दिला. ते म्हणाले, "शुक्रिया."

तोवर त्यांनी मला कधी शुक्रिया म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला कुणी म्हणत नाही. त्या दिवसापासून ते प्रत्येक बॉलला म्हणू लागले. शंभरातले दहा-बारा चुकायचे, तर दहा-बारा वेळा. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही तरी बोललो असतो.

उन्हाळ्याच्या शेवटी गावातली दोन घरं बार्शीला निघाली आणि मला म्हणाली, येत असशील तर चल, पण कुणाला बोलू नको. ईटला माझ्या घरच्यांना आधीच निरोप गेला होता. मी ड्रिल मास्तरांना बोललो नाही. बैलगाडी सकाळी उजाडताच निघाली आणि तिची वाट खंदकावरूनच होती. मास्तर तिथं होते. सकाळी पन्नास वेळा त्यांचा सराव असे, तेव्हा कड्यामागं कुणी नसे. त्यांनी बॉल टाकला, तो कड्यावर आपटला आणि काठावरून खाली गेला. ते खंदकात उतरू लागले. मी टॉवेल डोक्यावरून पुढं ओढला. गाडी वळणावर गेली तरी ते वर आलेले मला दिसले नव्हते.

बार्शीत मी चार-पाच महिने काढले. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं आपापल्या गावी परतू लागली. मी थंडीच्या सुरुवातीला परंड्यात आलो. शाळा उघडली होती. शिपायाकडं मी सगळ्यांची चौकशी केली, मुद्दाम ड्रिल मास्तरांची शेवटी. तो म्हणाला, "हितंच हायती की. कुटं गेलेच न्हाईत. साळा बंद व्हती, तरी हितंच. बोलत न्हाईत कुणाशी. बोलाय हाय कोण?" मग त्यानं सांगितलं की सगळा पावसाळाभर मास्तर डोक्यावर पाटी घेऊन मुरूम वाहत होते. कशाला ते त्यालाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी गेलो. फळीच्या मागं, खंदकाच्या काठानं गुडघाभर उंच दगडांचा बांध घातलेला होता. त्या बांधापासून खेळणाऱ्याच्या पायापर्यंत मुरमाचा उतार होता, चोपून चोपून गुळगुळीत केलेला. मास्तर पंधरा फुटांवर उभे होते. त्यांनी बॉल टाकला. तो कड्यातून खाली पडला, उतारावरून घरंगळत आला आणि त्यांच्या पायापाशी थांबला. पुढचा चुकला. तो बांधाला लागून तसाच परत आला. ते वाकले आणि त्यांनी तो उचलला.

मी म्हणालो, "उभा राहू का मागं?"

"नको, मास्तर," ते म्हणाले. "आता येतोय तो परत."

मी बांधावर बसलो. पाच-सहा बॉल परत आल्यावर मी म्हणालो की बार्शीला गेलो होतो, सांगायचं राहिलं. ते म्हणाले, "गाडी दिसली व्हती." आणि पुढचा बॉल टाकला.

मी रोज जाऊन त्या बांधावर बसायचो. त्यांनी मला ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. पोरंही फिरून आली, पण त्यांना आता दुसरं खूप काही होतं. सभा होत्या, मिरवणुका होत्या. एकदोघं खेळायला आली, दोन दिवसांनी यायची थांबली. वर्षाच्या आत तेलुगू माणसांना त्यांच्या मुलखात पाठवायचं ठरलं आणि मास्तरांची बदली झाली. मी त्यांची ट्रंक मोटारीपर्यंत नेली. बॉल त्यांनी शाळेला दिला होता. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पावसाच्या आधी मुरूम एकदा चोपून घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. दोन पावसाळ्यांत उतार वाहून गेला.

पुढच्या वर्षी मी त्यांना उर्दूत पत्र लिहिलं. माफी मागायची म्हणून लिहायला बसलो होतो, पण लिहिलं ते पीकपाणी आणि शाळेचं. उत्तर आलं ते तेलुगूत. परंड्यात ते वाचणारं कुणी नव्हतं. मी सोलापूरला गेलो आणि तिथल्या एका तेलंगी विणकराला ते दाखवलं. त्यानं माग थांबवला, हात पुसले आणि पत्र वाचून मराठीत सांगू लागला.

पत्र मास्तरांच्या आईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. त्यांना आई आहे हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. म्हातारीनं लिहिलं होतं की तुमचं पत्र मुलानं वाचलं, पण उत्तर लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. परंड्याहून तो दर आठवड्याला लिहायचा की संध्याकाळी चाळीस चाळीस पोरं खेळायला येतात, त्यांच्या गलक्यात जेवायलाही फुरसत होत नाही. तुमच्याबद्दल लिहायचा की मराठीचे मास्तर रोज असतात, आता ते माझ्यापेक्षा चांगलं झेलतात. शेवटच्या वर्षी फार गर्दी होते असं लिहायचा. आता त्याला इथं दफ्तरात काम मिळालंय. संध्याकाळी घरी येतो आणि बसून राहतो. बाहेर जात नाही. तिकडची पोरं घेऊन तुम्ही एकदा आलात तर त्याला बरं वाटेल.

विणकरानं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, खरंच चाळीस पोरं येत होती का.

मी म्हणालो, "चाळीसच्या वर."

जबाब लिहायचा असेल तर लिहून देतो, तो म्हणाला. मी सांगत गेलो, त्यानं लिहिलं. पोरं रोज आठवण काढतात. मास्तरांनी केलेलं मैदान तसंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतो.

दिवाळीत मी कुर्डुवाडीला गेलो. पुढं वाडी जंक्शनला गाडी बदलायची होती. सिकंदराबादपर्यंतचं तिकीट काढलं आणि फलाटावर बसलो. बरोबर कुणी नव्हतं. सातांपैकी चौघांना विचारलं होतं. दोघांना शेतीची कामं होती, एकाचं लग्न ठरत होतं, एक म्हणाला की मास्तर आता नीटसे आठवत नाहीत. त्या म्हातारीच्या दारात एकट्यानं जाऊन उभं राहायचं आणि काय सांगायचं, ते मी फलाटावर बसून जुळवत होतो. गाडी आली, थांबली आणि गेली.

मी संध्याकाळच्या मोटारीनं परत आलो. बायको तोवर परंड्याला राहायला आली होती. इतक्यात कसे आलात, तिनं विचारलं. मी सांगितलं, गाडीला फार गर्दी होती.